डाव्या दारातला आवाज

“गाडीत काही बिघाड नाही,” मी म्हणालो. “मागच्या दोन्ही वेळेला नव्हता, आज पण नाही.”

“आहे,” इलाहीचाचा म्हणाले. “डाव्या दारातला वरचा आवाज जातोय. जातो, परत येतो.”

“आत्ता येतोय ना?”

“आत्ता येतोय. इथे यायला पुलावरून वळलो तेव्हा नव्हता.”

“मग पुलाला विचारा.”

दुकानात उभा असलेला शिरगुप्पे हसला. मला बरं वाटलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी गाडीचं डावं दार हलकेच उघडलं, लावलं, मान तिरकी करून ऐकलं आणि पुन्हा तेच शब्द तितक्याच शांतपणे म्हणाले. “वरचा आवाज जातोय, सर्जेराव. तू नीट ऐक.”

मला ‘नीट ऐक’ म्हणणारा माणूस तोवर जन्माला यायचा होता.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावर माझं गाड्यांना स्टिरिओ आणि स्पीकर बसवून द्यायचं दुकान होतं, ‘खोत कार साउंड’. पाटीवर नावाखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘येथे आवाज कानाने तपासून दिला जातो’. ती ओळ माझी स्वतःची. बाकीचे दुकानदार मीटर लावून काटा बघत बसायचे आणि मी त्यांची टिंगल करायचो. मी गाडीशेजारी डोळे मिटून उभा राहायचो आणि सांगायचो, उजवा दबलाय, मागचा डावा फाटतोय. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. माझ्या त्या कानावर मी दुकान काढलं, घर बांधलं आणि माझा रागही त्याच कानावर पोसला. कारण मी चुकत नव्हतो, आणि न चुकणाऱ्या माणसाला रागवायचा हक्क असतो अशी माझी पक्की समजूत होती.

राग कसला, तर सगळ्याचा. त्याच महिन्यात मी पुण्याच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर अर्धा तास भांडलो होतो. गाडी मागे घेताना टीं टीं वाजणारा सेन्सर त्याने पाठवला होता आणि तो वाजतच नव्हता. माझी स्वतःची व्हॅन मी शेजाऱ्याच्या फाटकाच्या खांबावर घातली. व्यापाऱ्याने दुसरा सेन्सर पाठवला, तोही मुका निघाला. तिसराही वाजेना, तेव्हा मी सगळा माल त्याच्या तोंडावर परत केला आणि वर चार शब्द सुनावले. माझा फिटर नामदेव, त्याच्या भुवईवर एक पांढरा व्रण आहे. तो मी फेकलेल्या पान्ह्याचा. कशावरून फेकला होता ते मला आठवत नव्हतं. टाके पडले, मीच दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. मी ती गोष्ट लोकांना हसत हसत सांगायचो.

तर इलाहीचाचा. सत्तरी ओलांडलेले, पांढरी आखूड दाढी, बोटांच्या पेरांत लाखेचा तांबूस रंग कायमचा मुरलेला. मिरजेत तंबोरे करणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे, तिथे त्यांचा कारखाना होता. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, ती घोडी कानशीने इतकी बारीक घासायची आणि तारेखाली सुती दोरा असा सरकवायचा, की तार छेडली की नुसता सूर न येता त्याच्यावर एक झणकार उभा राहिला पाहिजे. याला जवारी लावणं म्हणतात. हे काम नुसत्या कानावर चालतं. बेळगाव-धारवाडापासून गाणारी माणसं तंबोरा घेऊन चाचांकडे यायची.

त्यांच्या गाडीला चार महिन्यांपूर्वी मीच स्पीकर बसवले होते. दारात खाली मोठा स्पीकर आणि वर आरशाच्या कोपऱ्यात ट्वीटर, म्हणजे बारीक, टोकदार आवाज काढणारा छोटा स्पीकर. त्या दिवशी नामदेव गावच्या जत्रेला गेला होता, म्हणून सगळं काम माझ्या एकट्याच्या हातचं. महिन्याभराने चाचा आले, डावीकडचा वरचा आवाज मधूनच जातो म्हणाले. मी ऐकलं, मला काही वाटलं नाही, चहा पाजून पाठवलं. पंधरा दिवसांनी परत आले. तेव्हा चहा नाही पाजला. आणि आता हे तिसऱ्यांदा, नेमकं शिरगुप्पेसमोर.

शिरगुप्पे म्हणजे नव्याने निघालेल्या मोठ्या शोरूमचा मॅनेजर. तिथून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं साउंडचं काम कुणाला द्यायचं, हे त्याच्या हातात होतं. सहा महिने मी त्या कामामागे लागलो होतो. त्या शनिवारी सकाळी तो पक्कं करायलाच आला होता.

“काय हो खोत,” चाचा बाहेर गाडीकडे गेल्यावर तो हळूच म्हणाला, “तीन-तीन वेळा येतंय का गिऱ्हाईक परत? मालकांना काय सांगू मी?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर आलो आणि चारचौघांत, रस्त्यावर, त्या म्हाताऱ्या माणसाला म्हणालो, “चाचा, गाडीतला आवाज ठीक आहे. तुमचा कान तपासून घ्या. वय झालं की होतं असं.”

गल्लीत आणि गाण्याच्या मैफलींत ज्याच्या कानाची शपथ घेतात त्या माणसाला मी हे बोललो. चाचांचा चेहरा उतरला नाही. फक्त मान तिरकी होती ती सरळ झाली.

“माझा कान गेला असेल तर मला कळायला पाहिजे,” ते म्हणाले. “माझं पोट आहे त्याच्यावर. गाडी ठेवून जातो. तू खात्री कर, आणि माझ्या दारात येऊन सांग. चार माणसांसमोर सांगितलंस, तसंच चार माणसांसमोर.”

आणि ते रिक्षाला हात करून निघून गेले.

नामदेव गाडीजवळ आला. बत्तीस-तेहेतीस वर्षांचा गडी, दहा वर्षं माझ्याकडे. “मालक,” तो म्हणाला, “मी दाराची तार बघू काय एकदा?”

“काय बघणार तू? मी ऐकलं ते पुरे नाही?”

“तसं न्हवं. बिजागरीतनं तार वडली गेली असंल तर…”

“तार मी टाकलीय, नाम्या.”

 हात पुसायचं फडकं त्याने उगीचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

मी शिरगुप्पेला म्हणालो, “चार वाजता मिरजेला या. तंबोऱ्याच्या गल्लीत. तुमच्यासमोर त्या म्हाताऱ्याच्या तोंडून वदवून घेतो की गाडी ठणठणीत आहे. मग मालकांना काय सांगायचं ते सांगा.”

“येतो,” तो म्हणाला. “आवाजाच्या तक्रारी असल्या तर मला काम देता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.”

मी साडेतीनलाच पोचलो. राग आला की मला थांबता येत नाही. चाचांची गाडी त्यांच्या कारखान्याच्या दाराशी आडवी लावली आणि हॉर्न दाबला.

आत भुश्याचा आणि लाखेचा वास होता. भिंतीला भोपळे टांगलेले. चाचा मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यासमोर उंची साडी नेसलेल्या, साठीच्या एक बाई तंबोरा कानाशी धरून तारा छेडत होत्या. कमलाताई कारखानीस, बेळगावला गाणं शिकवायच्या. हे मला चाचांनीच सांगितलं, अगदी आदबीने, जसं काही मी भांडायला आलोच नव्हतो.

“वा, चाचा,” बाई म्हणाल्या. “आता उमटली. आता कशी भरून येते बघा.”

“सर्जेराव, तू पण ऐक,” चाचा म्हणाले. त्यांनी तारेखालचा दोरा काढला, तार छेडली. मग दोरा सरकवला आणि परत छेडली. “कळला फरक?”

दोन्ही वेळेला मला तोच आवाज आला. पण मी तंबोरा ऐकायला आलो नव्हतो. “मला गाडीचं बोलायचंय,” मी म्हणालो.

चाचांच्या बायकोने वरून हाक मारली, कमलाताई चहाला माडीवर गेल्या. मी बाहेर येऊन स्टिरिओ चालू केला. एक बऱ्यापैकी झणझणीत गाणं लावलं आणि सगळा आवाज डावीकडच्या दारावर वळवला. मग आरशाच्या कोपऱ्यातलं तिकोनी प्लास्टिक खिटकन काढलं. आत ट्वीटरच्या तारेचा छोटा कपलर असतो. तो काढला की ट्वीटर बंद, लावला की चालू.

“आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसा,” मी चाचांना म्हणालो. “मी ट्वीटर काढणार आणि लावणार. आवाज गेला की हात वर करायचा. परत आला की खाली. बघू तुमचा कान.”

ते जाऊन बसले. दारातून मला त्यांची पाठ आणि पांढरी टोपी दिसत होती.

मी कपलर काढला. त्यांचा हात वर गेला.

लावला. हात खाली आला.

मग मी लबाडी केली. कपलर नुसता खडखडवला, काढला नाही. हात हलला नाही. जरा वेळ थांबलो, रस्त्यावरून एक टेम्पो जाऊ दिला, आणि त्या गोंगाटात हळूच काढला. हात वर.

माझा ताळ सुटत चालला. समोर काचेचं कपाट आहे का, त्यात मी दिसतोय का, कुणी खुणावतंय का, सगळं बघितलं. कुणी नव्हतं. भिंत होती आणि भिंतीला भोपळे. मी आणखी दोनदा केलं. हात वर, हात खाली, एकदाही चूक नाही.

आणि तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. कपलर माझ्या हातात होता आणि आवाज गेला की आला, हे मी चाचांच्या हाताकडे बघून ओळखत होतो.

ट्वीटर काढला की फरक पडायलाच पाहिजे. आवाज बसतो, कांबळं टाकल्यासारखा होतो. हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना शिकवलेलं. मी काढला. गाणं होतं तसंच. लावला. होतं तसंच. मला वाटलं ट्वीटरच जळालाय. मग मी सीटखालच्या, सगळ्या तारा जोडलेल्या डब्यातून खालच्या मोठ्या स्पीकरची तार उपटून काढली. आता दारात फक्त ट्वीटर उरला होता.

गाणं थांबलं. एकदम शांत.

“बंद पडलं,” मी म्हणालो. “बघा, ट्वीटर मेलाय. म्हणून तुम्हाला…”

“वाजतोय,” चाचा आतून म्हणाले, भिंतीकडे तोंड करूनच. “आता नुसता वरचाच वाजतोय. झांजांचा, आणि बांगड्या किणकिणल्यासारखं काय ते.”

मी ट्वीटरच्या जाळीला कान चिकटवला. डावा, मग उजवा. आत काही नव्हतं. स्टिरिओकडे बघितलं, आकडे पळत होते, गाणं चालू होतं. दारात आलेल्या एका लहान पोरीने गाण्यावर मान डोलवली.

चाचा उठून बाहेर आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग वाकून त्यांनी स्टिरिओ बंद केला, सीटखालची तार स्वतःच्या हाताने परत डब्यात खोचली आणि म्हणाले, “बस जरा.”

मी बसलो नाही. माझ्या डोक्यात पुण्याचा व्यापारी होता. तीन सेन्सर. टीं टीं.

तेवढ्यात शिरगुप्पेची गाडी गल्लीत शिरली, आणि कमलाताईही माडीवरून खाली आल्या. शिरगुप्पे उतरला, घड्याळ बघितलं. “काय, झाला का निकाल?”

 माझ्या आधी चाचाच बोलले.

“झाला,” ते म्हणाले. “माझीच चूक होती. गाडी बरोबर आहे. वय झालं माझं, कान दगा द्यायला लागलाय. सर्जेरावांनी सकाळी सांगितलं तेच खरं.”

शिरगुप्पेचा चेहरा खुलला. “मिटलं म्हणायचं मग. खोत, सोमवारपासून गाड्या पाठवतो.”

मला ते काम मिळालं होतं. सहा महिने ज्याच्यासाठी उंबरे झिजवले ते, एका वाक्यात. मी फक्त गप्प राहायचं होतं.

पण कमलाताई गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी हातातला तंबोरा जरा लांब धरला आणि त्याच्या घोडीकडे बघितलं. अगदी सभ्य आवाजात विचारलं, “चाचा, कधीपासून हे? मग ही जवारी… म्हणजे, मला चांगली वाटली. पण मी पुन्हा एकदा कुणाला दाखवून घेऊ का? मुलींच्या पाच तंबोऱ्यांचं पण काम आहे.”

“दाखवून घ्या, ताई,” चाचा म्हणाले. “दाखवलेलं बरं.”

त्यांनी ते इतक्या साधेपणाने म्हटलं की मला आतून पेटल्यासारखं झालं. आयुष्यभराचं नाव हा माणूस माझ्यासाठी रस्त्यावर टाकत होता. बेळगावात परवापर्यंत पोचलं असतं, इलाहीचाचांचा कान गेला. आणि कुणासाठी, तर सकाळी ज्याने त्यांचा भर रस्त्यात पाणउतारा केला त्याच्यासाठी. कुणी सांगितलं होतं यांना? मी मागितली होती का दया?

“खोटं बोलू नका,” मी ओरडलो.

गल्लीतली दोन-तीन माणसं दारात आली.

“खोटं बोलतायत हे. यांच्या कानाला काही झालेलं नाही. शिरगुप्पे, इकडे या. बाई, तुम्ही पण या.” मी स्टिरिओ लावला आणि कपलर काढला. “गेला का आवाज?”

“हो,” कमलाताई म्हणाल्या. “एकदम दबला.”

लावला. “आता?”

“आला की,” शिरगुप्पे म्हणाला. “स्पष्ट आला.”

“तुम्हाला कळतंय. मला कळत नाही,” मी म्हणालो. “मला काढलेला आणि लावलेला सारखाच ऐकू येतोय. नुसता ट्वीटर लावला तर काहीच ऐकू येत नाही. बिघाड गाडीत आहे, तो मी केलाय, आणि चार महिने तो मला ऐकू आलेला नाही. आता सांगा तुमच्या मालकांना.”

शिरगुप्पेने खिशातून चाव्या काढल्या. “फोन करतो खोत,” म्हणाला आणि गाडीत बसला. त्याचा फोन आला नाही, येणार नव्हताच.

कमलाताईंनी तंबोरा छातीशी धरला, चाचांना वाकून नमस्कार केला आणि पाचही तंबोरे पुढच्या रविवारी घेऊन येते म्हणाल्या. त्या गेल्यावर मी चाचांकडे वळलो. राग उतरला नव्हता, उलट आता त्याला जागाच जागा झाली होती.

“तुम्ही कोण मला वाचवणारे? दोन लाथा घातल्या असत्यात तर चाललं असतं.”

“तू सकाळी बोललास तेव्हा घालाव्याशा वाटल्या होत्या,” चाचा म्हणाले. “खोटं कशाला बोलू? रिक्षात बसून मी स्वतःचा कान चाचपत आलो. घरी येऊन सगळ्या तारा छेडून बघितल्या. दुपारी जेवण गेलं नाही मला. मग तुझं तोंड बघितलं आणि राग गेला.”

“का?”

त्यांनी कानस उचलली, अंगठ्याने तिची धार पुसली. “आमच्यात एक पद्धत आहे. कारागिराचा कान गेला की त्याला कुणी सांगत नाही. माझ्या वालिदचा गेला तेव्हा ते पासष्टचे होते. पुढे सहा वर्षं ते जवारी लावायचे, दुपारी नमाजला गेले की मी तोच तंबोरा घेऊन घोडी परत घासायचो. ते यायचे, तार छेडायचे, म्हणायचे, बघ, कशी उमटलीय. मी म्हणायचो, हो अब्बा. मरेपर्यंत त्यांना कळलं नाही.”

“फसवलंत तुम्ही त्यांना.”

“असेल,” चाचा म्हणाले. “पण तुला एक विचारतो. तुझा कान आजचा नाही गेला. हे वर्ष-दोन वर्षांचं काम आहे. मग इतके दिवस तुझ्या दुकानातून गाड्या बरोबर होऊन कशा गेल्या? माझी एकच चुकीची कशी गेली?”

मी गाडीत बसलो आणि ती भलत्या वेगात सांगलीकडे हाणली. पुलावर वळताना डावीकडचा वरचा आवाज गेला असणार. चाचांची एकच गाडी, आणि ती झाली तेव्हा नामदेव जत्रेला गेला होता.

दुकानात तो एकटाच होता. पाटीखालच्या बाकावर बसून एका जुन्या स्पीकरचा कागद चिकटवत होता. मी गाडी त्याच्या पायापाशी नेऊन थांबवली.

“किती दिवस?” मी म्हणालो.

त्याने काय किती दिवस असं विचारलं नाही. स्पीकर बाजूला ठेवला.

“दोन वर्सं झाली, मालक. थोडं जास्तच.”

“आणि तू काय करत होतास दोन वर्षं?”

“तुमी ऐकून गाडी ठीक म्हणालात की गिऱ्हाइकाला चाव्या द्यायच्या आधी मी एक चक्कर मारून यायचो. काय असंल ते करून घ्यायचो. ह्या गाडीच्या वेळेला मी जत्रेला हुतो. आल्यावर चाचा तीनदा आले, पर तुमी मला हात लावू दिला न्हाईत.”

“दोन वर्षं माझा गाढव केलास,” मी म्हणालो. “गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून उभा राहतो मी, आणि तू मागनं हसत असशील. घरी मंदाला पण माहीत असेल.”

“वहिनींनीच सांगितलं हुतं, लक्ष ठेव म्हनून.”

बायकोला माहीत. फिटरला माहीत. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं, शेजारचा टायरवाला, कुणाकुणाला माहीत होतं देव जाणे. सगळ्यांना माहीत आणि मी पाटीवर लाल अक्षरांत लिहून बसलेलो. माझ्या हातात पक्कड कधी आली मला कळलं नाही. गाडीतून उतरताना डॅशबोर्डवरची उचलली असेल. मी ओरडत होतो, “तोंड होतं ना तुला? सांगायला काय झालं होतं? एकदा तरी सांगायचं होतंस.”

“सांगितलं हुतं,” नामदेव म्हणाला.

“कधी?”

“एकदा सांगितलं हुतं, मालक. त्या जीपच्या वेळेला. म्हणालो, ट्वीटर बंद हाय, तुमाला ऐकू येत न्हाई वाटतं.”

त्याने हात वर नेला नाही, भुवईला बोट लावलं नाही. मला आठवलं. पान्हा कशावरून फेकला होता ते मला आठवलं.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या.  मग नामदेवने डाव्या दाराच्या बिजागरीतली रबरी नळी मागे सरकवली आणि तार बोटांत धरून वाकवली. वरचं प्लास्टिक धड होतं, आतलं तांबं तुटलेलं. मी तार चार बोटं तोकडी टाकली होती. दार उघडलं-लावलं, वळण आलं, की तुटलेली टोकं एकमेकांना शिवायची आणि सुटायची. त्याने नवी तार टाकली, सैल ठेवली, सांधा सोल्डर केला, टेप गुंडाळली. मग गाडीत बसून गाणं लावलं आणि दार चार-पाच वेळा उघडलं, लावलं.

मी बाहेर उभा होतो. सवयीने डोळे मिटले होते, ते उघडले.

“नामदेव,” मी म्हणालो, “आला का आवाज?”

 त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. मी पक्कड खाली ठेवली.

मग तो म्हणाला, “आला.”